डोळे तपासून घ्या, ही विनंती

चष्मेवाल्याच्या सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस दोन पाळ्यांत साजरा करायचा, हे घरात एकमताने ठरलं होतं. गेल्या दीड वर्षात त्या घरात एकमताने ठरलेली ही एकमेव गोष्ट. सकाळी अकरा ते एक धाकट्या मेहुण्यांची पाळी, दुपारी चार ते सहा थोरल्या मेहुण्यांची. केक एकच, पण अर्धा अकराला कापायचा आणि अर्धा चारला. मधल्या वेळात सासूबाईंनी पलंगावर विश्रांती घ्यायची आणि अर्ध्या केकने फ्रीजमध्ये.

"अर्धा केक कापून मी साडेसदतीस वर्षांची होणार का?" सासूबाईंनी विचारलं होतं. पण त्यांचं मत विचारात घेण्याची त्या घरात पद्धत नव्हती. तिथे फक्त देशाचं काय होणार याबद्दलची मतं विचारात घेतली जायची.

थोरले मेहुणे, म्हणजे दादा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आणि सरकारच्या बाजूचे. धाकटे, म्हणजे भाऊ, मोटार शिकवायची शाळा चालवणारे आणि विरोधकांच्या बाजूचे. दोघांचं फाटलं ते हॉस्पिटलात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि निवडणुकीचा निकाल नेमके एकाच दिवशी आले. दोघे भाऊ बाहेरच्या बाकावर बसले होते, समोर टीव्ही होता आणि टीव्हीवर आकडे होते. तासाभरात आवाज इतके चढले की नर्सने येऊन दोघांना हाकललं, एकाला पुढच्या दाराने आणि एकाला मागच्या. सासूबाई शुद्धीवर आल्या तेव्हा उशाशी एकटा जावई उभा.

"कोण जिंकलं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तुमचा गुडघा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून 'आपलं घर' नावाचा कुटुंबाचा ग्रुप फुटला. जुना ग्रुप दादांकडे राहिला. भाऊंनी नवा काढला आणि त्याला नाव दिलं, 'आपलं खरं घर'. आईकडे दादा सोमवार, बुधवार, शुक्रवारी जायचे आणि भाऊ मंगळवार, गुरुवार, शनिवारी. रविवारी आचारसंहिता असायची. सासूबाईंचा वाढदिवस नेमका रविवारी आला, म्हणून तर पाळ्या लावाव्या लागल्या.

दोन्ही ग्रुपांत असलेला माणूस एकच, तो म्हणजे चष्मेवाला. त्याची बायको, या दोघा भावांची धाकटी बहीण, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. "दिवसभर लोकांचं रक्त बघायचं आणि मग घरच्यांचं उकळलेलं बघायचं, एवढी ताकद नाही माझ्यात," असं म्हणून ती दोन्हीकडून बाहेर पडली. चष्मेवाल्याला बाहेर पडता येईना. जावई बाहेर पडला की त्याचा अर्थ निघतो.

त्याला स्वतःला राजकारणाचं फारसं काही वाटत नसे. दुकानात तो दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचा, "हे जास्त स्पष्ट, की हे?" आणि लोक सांगायचे, "दोन्ही सारखंच." त्याला कुणी सरकार आणि विरोधकांबद्दल विचारलं की तोही तेच सांगायचा. ग्रुपवर दादांनी काही टाकलं की तो अंगठा दाखवायचा. भाऊंनी त्याच्या बरोबर उलट काही टाकलं की तिथेही अंगठा. सासरी तो अगदी शब्दशः अंगठेबहाद्दर होता, आणि त्यात सुखी होता.

वाढदिवसाच्या आधीच्या सोमवारी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे दुकान उघडलं, काचा पुसल्या आणि ज्या गिऱ्हाइकांना येऊन वर्षदोन वर्षं झाली त्यांना आठवणीचा मेसेज पाठवायला बसला. मजकूर ठरलेला होता. एक निवृत्त मुख्याध्यापिका तीन वर्षं फिरकल्या नव्हत्या. त्यांच्या नावावर तो बोट टेकवणार, एवढ्यात फोन थरथरला, यादी एका घराने खाली सरकली आणि बोट पडलं ते वर नव्याने आलेल्या नावावर. ते नाव होतं 'आपलं घर'.

तिथे दादांनी त्याच क्षणी सात मिनिटांची एक फीत टाकली होती. कुठलेसे मंत्री कुठल्याशा पुलाचं उद्घाटन करत होते. वर दादांनी लिहिलं होतं, "ज्यांना प्रगती दिसत नाही त्यांनी बघा."

आणि त्याच्या बरोबर खाली जावयाचा मेसेज जाऊन बसला: "नमस्कार. तुमचे डोळे तपासून फार दिवस झाले आहेत. जवळचं आणि लांबचं, दोन्ही नीट दिसत नसण्याची शक्यता आहे. दुर्लक्ष केल्यास त्रास वाढतो. लवकर डोळे तपासून घ्या, ही विनंती."

त्याने घाईघाईने मेसेज दाबून धरला, पुसायचं बटण दाबलं आणि मेसेज गेला. त्याने सुटकेचा श्वास सोडला, मुख्याध्यापिकाबाईंना वेगळा मेसेज पाठवला आणि एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी बसवत मजेत शीळ घालू लागला. मेसेज फक्त आपल्याच फोनमधून पुसला गेलाय, बाकीच्या बावीस फोनांत तो दिमाखात उभा आहे, हे त्याला साडेअकराला कळलं. बायकोचा फोन आला तेव्हा.

"तू दादाला आंधळा म्हणालास?"

"कोण? मी?"

"लॅबमध्ये तिघांनी फोन केला मला. दादाला तीन शब्दांच्या वर उत्तर द्यायची कुणाची छाती नाही, आणि तू परिच्छेद लिहिलास!"

"अगं, तो गिऱ्हाइकांचा मेसेज आहे. चुकून गेला. आणि मी पुसला."

"स्वतःपुरता पुसलास. म्हणजे आता असं दिसतंय की बोलूनही वर तू शांत बसलायस."

त्याने दुसरा ग्रुप उघडून पाहिला. तिथे तर फटाके फुटायचेच बाकी होते. कुणीतरी मेसेजचा फोटो काढून तिकडे पोचवला होता आणि भाऊंनी खाली लिहिलं होतं, "शाब्बास जावईबापू! घरातला एकमेव निर्भीड आवाज!" त्याखाली टाळ्या वाजवणारे हात, एकूण चौदा.

चष्मेवाल्याने लगेच दादांना फोन लावला. दादांची एक खोड होती. जितका राग जास्त, तितका त्यांच्या बोलण्यात आदर जास्त.

"बोला, जावईबापू. आपण बोलावं आणि आम्ही ऐकावं."

"दादा, तो मेसेज एका गिऱ्हाइकाचा होता हो. चुकून तुमच्याकडे आला."

"असं का? गावात एवढी माणसं, आणि आपला मेसेज नेमका आमच्या पुलाखाली आला?"

"बोट घसरलं, दादा."

"बोट घसरत नाही, जावईबापू. मन घसरतं, बोट त्याच्या मागे जातं." एवढं बोलून दादांनी नमस्कार म्हणून फोन ठेवला. दादा फोन ठेवताना नमस्कार म्हणाले, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना बायकोने तोडगा काढला, आणि तोडगा ऐकायला अगदी बिनतोड होता. "हे बघ, दादाला पटत नाहीये की ती दुकानाची जाहिरात होती. मग तोच मेसेज भाऊच्या ग्रुपवरही टाक. दोन्हीकडे एकच मजकूर दिसला की जाहिरात आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल."

चष्मेवाल्याला ते पटलं. त्याने दुकानात पोचल्या पोचल्या, बोट कुठे पडतंय हे दोनदा बघून, 'आपलं खरं घर'वर तोच मजकूर पाठवला. एक गोष्ट मात्र त्याने बघितली नाही. भाऊंनी पहाटे पाचला उठून एक लांबलचक लेख लिहून काढला होता, 'हे सरकार का पडणार: बारा मुद्दे', आणि तो त्यांनी ग्रुपवर टाकून जेमतेम दोन मिनिटं झाली होती. बाराव्या मुद्द्याचं शेवटचं वाक्य होतं, "मला तर हे आरशासारखं स्वच्छ दिसतंय." आणि खाली जावई विनंती करत होता की जवळचं आणि लांबचं, दोन्ही नीट दिसत नसण्याची शक्यता आहे.

भाऊंची तऱ्हा दादांच्या उलट. राग आला की ते बोलतच नसत. त्यांनी एकच शब्द लिहिला: "वा." चौदा टाळ्यांपैकी तेरा हात दुपारपर्यंत मागे घेतले गेले. चौदावा मावशीचा होता, तिला मागे कसा घ्यायचा हे माहीत नव्हतं.

इथवर प्रकरण थांबलं असतं, तर दोन-चार महिन्यांत निवलंही असतं. पण बायकोची एक मावसबहीण होती, कपडे शिवायची. तिने त्या दिवशी दुपारी मशीन बंद करून चष्मेवाल्याला फोन केला.

"तुम्ही दोघांनाही डोळे तपासायला सांगितलंत! दीड वर्षं आम्ही हेच म्हणतोय, पण मनातल्या मनात. मी नवीन ग्रुप काढलाय, 'फक्त घर'. तिथे फक्त मांजरं, मुलं आणि झाडं टाकायची. प्रमुख तुम्ही."

"अहो ताई, ती दुकानाची जाहिरात होती."

"मोठी माणसं असंच म्हणतात," असं म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत 'फक्त घर'मध्ये सतरा माणसं जमा झाली. चष्मेवाला फोनकडे बघत बसला. आयुष्यात तो वर्गाचा मॉनिटरही झाला नव्हता, आणि आता त्याच्या मागे सतरा माणसं आणि नऊ मांजरं होती. यादी वाचताना तो दोन नावांवर अडला. सहाव्या क्रमांकावर दादांची बायको होती आणि नवव्या क्रमांकावर भाऊंची.

"वहिनी, तुम्ही इथे कशा?" त्याने दादांच्या बायकोला भीत भीत विचारलं.

"का? मी दीड वर्ष पूल बघतेय, जावईबापू. लोखंडी पूल, सिमेंटचे पूल, अर्धवट पूल. आज कुणीतरी टोपलीत झोपलेलं मांजर टाकलं. मी दहा मिनिटं बघत बसले. डोळे निवले माझे."

बुधवारी सासूबाईंचाही फोन आला. "जावईबापू, तुम्ही पक्ष काढला म्हणे."

"नाही हो आई. गैरसमज झालाय सगळा."

"नाही कसं? दादा सकाळी येऊन दीड तास तुमच्याबद्दल बोलला. एरवी तो पुलांबद्दल बोलतो. निशाणी काय घेतलीत? चष्माच असेल ना?" सासूबाईंचा आवाज चक्क हसरा होता, पण चष्मेवाल्याच्या ते ध्यानात आलं नाही. रविवारी अकरा आणि चार, अशा दोन वेळा आपल्याला शिव्या खायला जावं लागणार, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानाचं काचेचं दार ढकलून दादा आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"नमस्कार, जावईबापू. आपण आमचे डोळे तपासावेत अशी आपली इच्छा होती. आम्ही आलो आहोत. तपासा आणि ठणठणीत असल्याचं लेखी द्या. आम्हाला ते ग्रुपवर टाकायचं आहे."

चष्मेवाल्याने त्यांना उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उजळवला. पहिल्या तीन ओळी दादांनी खणखणीत आवाजात वाचल्या. चौथ्या ओळीला आवाज थोडा उतरला.

"घ… र… भ…"

"दादा, पहिलं अक्षर पुन्हा बघा. ध आहे."

"घ आहे. चौतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचलेत मी. मला अक्षर शिकवू नका."

"ध आहे तो! आंधळ्यालाही दिसेल," दारातून आवाज आला. भाऊ उभे होते. मोटार शाळेची टोपी डोक्यावर, तोंड फुगलेलं. तेही तसंच लेखी मागायला आले होते, फक्त मनातल्या मनात वाक्यं जुळवत दहा मिनिटं बाहेर उभे होते. समोर सख्खा भाऊ चुकीचं वाचतोय हे बघून त्यांचं मौन सुटलं.

दीड वर्षात भावाभावांतला हा पहिला संवाद.

"तू मधे बोलू नकोस," दादा म्हणाले. चौकटीमुळे त्यांना मान वळवता येत नव्हती, त्यामुळे ते तक्त्यालाच दटावल्यासारखं वाटलं. "एवढं दिसतंय तर खालची ओळ वाच."

भाऊ तिथूनच वाचू लागले. "त्यात काय आहे? भ, थ, ब…"

चष्मेवाल्याने एकदा तक्त्याकडे बघितलं. सत्य सांगायचं की नाती जपायची, असा तो प्रसंग होता. पण शेवटी धंद्याची नीती होती. "भाऊ, म, य, व आहे."

"काहीतरीच! तक्ता जुना असेल."

चष्मेवाल्याने दादांच्या चौकटीत एक भिंग सरकवलं. दादा दचकून खुर्चीत ताठ झाले. "म, य, व," ते सावकाश म्हणाले. मग त्यांनी वरची ओळ बघितली, घसा साफ केला आणि विषय बदलला. "आता याला बसवा इथे. बारा मुद्दे दिसतात म्हणे याला."

दादांनी चौकट सोडली नाही, म्हणून भाऊंना दुसरी चढवून तपासलं, तर त्यांचा लांबचा नंबर पावणेदोन निघाला, आणि जवळचा वेगळाच. चष्मेवाला घाबरून म्हणाला, "भाऊ, या डोळ्यांनी तुम्ही गाडी शिकवता?"

"मी फक्त शिकवतो," भाऊ म्हणाले. "चालवतात ते."

दादा बाजूला उभे होते. चौकट अजून त्यांच्या नाकावर होती, कारण इतकं स्पष्ट त्यांना चार-पाच वर्षांत दिसलं नव्हतं आणि ती उतरवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. ते दुकानातली प्रत्येक वस्तू वाचत सुटले होते. फ्रेमवरच्या किमती, कॅलेंडरवरचे वार, भिंग पुसायच्या बाटलीवरची सूचना. तेवढ्यात काउंटरवर ठेवलेला चष्मेवाल्याचा फोन उजळला आणि दादांनी सवयीने तोही वाचला. त्यावर त्यांच्याच बायकोने 'फक्त घर'वर लिहिलं होतं, "आमचे हे दुकानात पोचले का? सकाळपासून तणतणत होते. आता दुपारपर्यंत तरी शांतता." त्याखाली भाऊंच्या बायकोचं उत्तर होतं, "आमचेही तिकडेच गेलेत. मी झाडांना पाणी घालून फोटो टाकते."

दादांनी ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मोठ्याने.

"ही… आमची…" दादा म्हणाले. "जावईबापू, आपण आमचं घर फोडलंत?"

भाऊंनी पुढे होऊन फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. त्यांना काही दिसेना. दादांनी फोन त्यांच्या हातून घेतला, ग्रुपमधल्या माणसांची यादी उघडून वाचली, मग नाकावरची चौकट काढून फोनसकट चष्मेवाल्यासमोर ठेवली. "तुझीही तिथेच आहे," ते म्हणाले.

"माझीही? कधीपासून?"

"वर तारीख आहे. मंगळवारची."

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. हॉस्पिटलातल्या त्या बाकानंतर पहिल्यांदाच नीट बघितलं.

"आधी कुणाची फोडली?" भाऊंनी विचारलं.

"माझी सहावी आहे. तुझी नववी."

"म्हणजे तुझ्या घरातून सुरुवात झाली."

"सुरुवात कुठून झाली हा प्रश्न नाही. प्रश्न हा आहे की आपण दोघं भांडत बसलो आणि तिसरा येऊन…" दादांनी वाक्य पुरं केलं नाही. जावई समोरच उभा होता. त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "चल. बाहेर बोलू. इथे भिंतींना डोळे आहेत."

ते खरंच होतं. भिंतीवर डोळ्यांच्या आतल्या रचनेची दोन मोठी चित्रं होती.

समोरच्या चहाच्या दुकानात दोघे भाऊ शेजारी शेजारी बसलेले चष्मेवाल्याला काचेतून दिसत होते. त्यांनी दोन चहा घेतले. मग आणखी दोन. मधूनच कुणीतरी एक बोट उचलून चष्म्याच्या दुकानाकडे दाखवायचा आणि मग दोघेही जोरजोरात मान हलवायचे. दोघांनी कुठल्याही गोष्टीला एकाच वेळी मान हलवलेली त्याने याआधी कधी पाहिली नव्हती. त्याने दोघांचे नंबर कागदावर उतरवले आणि निमूट भिंगं घासायला घेतली.

शुक्रवारी सकाळी दोन्ही ग्रुप एक झाले. जाहीर निवेदन दादांनी लिहिलं होतं आणि भाऊंनी त्यात स्वल्पविराम घातले होते. "कुटुंबात फूट पाडू पाहणाऱ्या शक्तींना संधी मिळू नये, म्हणून आपण मतभेद बाजूला ठेवून एकत्र येत आहोत. आईचा वाढदिवस रविवारी दुपारी एकाच वेळी, एकाच ठिकाणी होईल." जावयालाही या ग्रुपमध्ये घेतलं होतं. तसा ठराव झाला होता म्हणे. बाहेर ठेवला तर तो बाहेर काय करतो ते कळणार नाही, आत असलेला बरा, असं भाऊंचं मत पडलं आणि ते दादांना पटलं.

"तू काय जादू केलीस?" बायकोने विचारलं.

"मी काहीच केलं नाही," तो म्हणाला. आणि ते अक्षरशः खरं होतं.

रविवारी सासूबाईंचं घर भरून गेलं. दादा आणि भाऊ एकाच सोफ्यावर बसले होते, नवे चष्मे लावून. चष्मे चष्मेवाल्यानेच शनिवारी घरपोच दिले होते. दोघांनी ते घेतले होते, पण आभार मानले नव्हते. टीव्ही बंद होता. दोघांनाही बोलायला आता टीव्ही लागत नव्हता.

"अंगठा दाखवायचा नुसता," दादा हळू आवाजात म्हणत होते, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "मला वाटायचं, माझ्या बाजूचा आहे."

"मला वाटायचं, माझ्या," भाऊ म्हणाले. "मी तर याला गाडी फुकट शिकवणार होतो."

"सुटला बिचारा," दादा म्हणाले, आणि दोघे एकदम हसले. तसं हसताना ते अगदी एकमेकांसारखे दिसले. दादांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच तोंड मिटलं. पण सोफ्यावर सरकून बसले ते भाऊंच्याच बाजूला.

चष्मेवाल्याला जागा मिळाली ती फ्रीज आणि कपाट यांच्या मधल्या स्टुलावर. त्याच्याशी मोठं कुणी बोलत नव्हतं. त्यामुळे कुणी त्याला मत विचारत नव्हतं, कुणी फीत दाखवत नव्हतं, कुणी "तुम्हीच सांगा, जावईबापू" म्हणत नव्हतं. एका मावशीने येऊन त्याला केकचा मोठा तुकडा दिला आणि गुपचूप मांजराचा फोटो दाखवला. सासरच्या कुठल्याही कार्यक्रमात त्याने इतकं शांतपणे खाल्लं नव्हतं. त्याने आणखी एक तुकडा मागून घेतला.

केक अख्खा कापला गेला. फोटो काढायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाले, "जावईबापू, आपण कॅमेऱ्यामागे उभे राहिलात तर बरं. आपल्याला लांबचं चांगलं दिसतं." चष्मेवाल्याने आनंदाने फोटो काढला. मधे सासूबाई, एका बाजूला दादा, एका बाजूला भाऊ, मागे सुना. सासूबाईंनी दोघांचे हात घट्ट धरून ठेवले होते, कुणी पाळी संपल्यासारखा उठून जाईल की काय म्हणून.

चहाच्या वेळी सासूबाईंनी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. बाहेर दोघे भाऊ अजून त्याच्याबद्दलच बोलत होते.

"आई, माझ्यामुळे तुम्हाला उगाच मनस्ताप झाला," तो म्हणाला. "आज मी दोघांची माफी मागतो आणि समजावून सांगतो. तो ग्रुपही बंद करतो."

सासूबाईंनी हातातली किटली खाली ठेवली. "खबरदार!"

"म्हणजे?"

"माफीबिफी काही मागायची नाही. दीड वर्ष मी एकेकाला वाराप्रमाणे भेटले, जावईबापू. या गुडघ्याने मला दाखवलं नाही ते या दोघांनी दाखवलं. आज दोघं एका सोफ्यावर आहेत. तुम्ही माफी मागितलीत की हे मंगळवारपर्यंत परत पुलावर जातील." त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "उलट असं करा. महिन्यातून एकदा काहीतरी टाकत जा. दोघांना सारखंच झोंबेल असं. जमेल ना?"

"आई, मला भांडणाचं काही सुचत नाही हो. मी आयुष्यभर अंगठेच दाखवलेत."

"सुचेल. डोकं लावा. घरचंच काम आहे."

महिना कधी गेला ते कळलं नाही. ठरलेल्या शनिवारी चष्मेवाला दुकानात सकाळपासून कोरा मेसेज उघडून बसला. सरकारविरुद्ध लिहिलं तर दादा चिडणार आणि भाऊ खूश होणार. विरोधकांविरुद्ध लिहिलं तर उलट. दोघांनाही सारखंच झोंबेल असं देशात काही सापडेना. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "माझे भाऊ आहेत ते. मी कशाला सांगू? पण देशात शोधू नकोस, एवढंच सांगते."

चार वाजता त्याला सुचलं. त्याने दोनदा वाचलं, डोळे मिटले आणि पाठवून दिलं: "आई परवा म्हणाल्या की त्यांना दोन्ही मुलांपेक्षा जावईच जास्त जवळचा वाटतो. मी नको नको म्हटलं, पण त्या ठाम आहेत."

मग त्याने फोन उपडा करून ठेवला आणि दुकानाच्या काचा पुसायला घेतल्या. साडेचारच्या सुमारास मोटार शाळेची गाडी रस्त्यावरून भरधाव गेली. चालवत भाऊ होते. शेजारी दादा बसले होते आणि हातवारे करून काहीतरी सांगत होते. गाडी सासूबाईंच्या घराच्या दिशेने वळली. दोघांपैकी कुणीही दुकानाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी उशिरा सासूबाईंचा फोन आला. मागे दादा आणि भाऊ दोघांचे आवाज एकदम येत होते, कुणाला लहानपणी कांजिण्या जास्त आल्या होत्या आणि कुणासाठी आई जास्त जागली होती, या विषयावर.

"जावईबापू," सासूबाई कुजबुजल्या, "बेत चांगला होता. पण पुढच्या महिन्याला जरा सौम्य ठेवा. दोघांनी जेवूनच जायचं ठरवलंय, आणि माझ्याकडे तेवढा भात नाहीये."